तेल निघाल्यावर उरतं त्याची गोष्ट



मागच्या बैठकीला आमच्या गटातल्या एका ताईंनी तेलाचा डबा आणला होता. मुलाने शहरातून पाठवलेला. डब्यावर हिरव्या फळांची फांदी, खाली मोठ्या अक्षरात ‘ऑलिव्ह’, आणि त्याच्या शेजारी बारीक अक्षरात आणखी एक शब्द, ‘पोमेस’. ताई म्हणाल्या, “ऑलिव्ह कळलं. हे पोमेस काय असतं गं?” कुणालाच सांगता येईना. मग आम्ही शोधायला बसलो. पोमेस म्हणजे चोथा. फळाचं तेल काढून झालं की जो लगदा मागे राहतो, तो. म्हणजे त्या डब्यातलं तेल चोथ्यातून काढलेलं होतं.

ऐकून कुणी नाक मुरडलं, कुणी म्हणालं, “फसवलं की पोराला!” पण एक वयस्कर काकू म्हणाल्या, “अगं, चोथा म्हणजे वाईटच असं कुठंय? आपण पेंड गाईला घालतो, ती काय वाया जाते?” काकूंच्या त्या प्रश्नापायी आम्ही दोन-सव्वादोन हजार वर्षं मागे जाऊन आलो. तीच गोष्ट आज तुम्हाला सांगायची आहे. तेल काढल्यावर जे उरतं, त्याचं माणसांनी काय काय केलं, ते कुणाच्या पानात पडलं आणि त्यातून पैसा कुणाला मिळाला, अशी ही गोष्ट आहे.

कडू फळ आणि त्याचं काळं पाणी

ऑलिव्हचं झाड भूमध्य समुद्राच्या काठचं. स्पेन, इटली, ग्रीस, ट्युनिशिया, पॅलेस्टाईन, सीरिया, तुर्कस्तान हा त्याचा मुलूख. झाड शेकडो वर्षं जगतं. फळ लहान बोराएवढं, आत बोरासारखीच टणक आठळी. आपल्याकडे काही जण त्याला जैतून म्हणतात. फळ झाडावरून तोडून तोंडात टाकलं तर थुंकून द्यावं लागतं, इतकं कडू. मिठाच्या पाण्यात मुरवल्याशिवाय ते खाता येत नाही. हा कडूपणा लक्षात ठेवा. गोष्टीच्या शेवटी तो परत येणार आहे.

आपलं तेल बियांमधून निघतं: शेंगदाणा, करडई, तीळ, जवस. ऑलिव्हचं तेल मात्र मुख्यतः फळाच्या गरातून निघतं, आणि गर म्हटला की पाणी आलंच. १०० किलो फळं भरडली तर तेल मिळतं साधारण १५ ते २० किलो. बाकीचं सगळं म्हणजे गर, साल, आठळी आणि काळपट तांबूस पाणी. आपल्या घाण्यावर कोरडी पेंड पडते, ती पोत्यात भरून ठेवता येते. ऑलिव्हच्या घाण्यावर पडतो तो ओला लगदा. दोन-चार दिवस तसाच ठेवला की आंबतो आणि बुरशी धरतो. पुढची सगळी अडचण या ओलेपणातून आलेली आहे.

जुन्या रोमन लोकांची रीत अशी होती. फळं दगडी जात्यात भरडायची, लगदा विणलेल्या टोपल्यांत भरायचा आणि लाकडी तुळईने दाबायचा. जो रस निथळेल तो हौदात साठवायचा. तेल वर तरंगतं, खाली काळं, कडू पाणी राहतं. या पाण्याला ते ‘अमुर्का’ म्हणत.

रोममध्ये केटो नावाचा एक मोठा जमीनदार आणि राजकारणी होता. इसवीसनापूर्वी दुसऱ्या शतकात त्याने शेतीवर एक पुस्तक लिहिलं. लॅटिन भाषेतलं गद्यात लिहिलेलं आणि पूर्ण उरलेलं सगळ्यात जुनं पुस्तक हेच मानतात. त्यात हे काळं पाणी पानोपानी भेटतं. खळं सारवायचं तर मातीत अमुर्का मिसळा, म्हणजे मुंग्या लागणार नाहीत आणि तण उगवणार नाही. धान्याच्या कोठीला आतून त्याचा लेप द्या, म्हणजे कीड लागणार नाही. कपड्यांच्या पेटीला उकळलेलं अमुर्का चोळा, म्हणजे कसर लागणार नाही. गाडीच्या आसाला लावा, चामड्याच्या वाद्यांना लावा, खरूज झालेल्या मेंढीच्या अंगाला लावा. मातीचं नवं मडकं तेल पितं, म्हणून आधी त्याला अमुर्का पाजा. सरपणावर शिंपडून वाळवा, मग ते धूर न करता जळतं. बैलांच्या चाऱ्यावरही थोडं शिंपडायचं. आणि सुकवलेले अंजीर ताजे राहावेत म्हणून ज्या मडक्यात ठेवायचे, त्याला उकळलेल्या अमुर्काचा लेप द्यायचा.

वाचताना आम्हाला आमचीच घरं दिसली. आपण खळं शेणाने सारवतो, धान्यात राख आणि कडुलिंबाचा पाला घालतो. माणूस कुठलाही असो, हाताशी जे उरतं त्याला तो कामाला लावतो.

पण केटोच्या पुस्तकात आणखी एक जागा आहे, तिथे आम्ही थांबलो. त्याच्या शेतावर गुलाम राबत होते. त्यांना भाकरीबरोबर तोंडीलावणं काय द्यायचं, ते त्याने लिहून ठेवलंय. गळून पडलेली ऑलिव्हची फळं साठवायची. ती संपली की ज्यांतून तेल अगदी कमी निघेल अशी पिकलेली फळं द्यायची. तीही बेताने, म्हणजे पुष्कळ दिवस पुरतील. ती संपली की माशांच्या खारवणाचा गाळ आणि व्हिनेगर. चांगल्या फळांचं तेल बाजारात जायचं आणि ज्याला बाजारात भाव नाही ते राबणाऱ्यांच्या ताटात यायचं. उरलेल्याचं अन्न करण्याची कल्पना नवी नाही, मैत्रिणींनो. फक्त पूर्वी ते अन्न गरिबांना दिलं जायचं, आणि आज तेच सुंदर बाटलीत भरून श्रीमंतांना विकलं जातं.

केटोनंतर शंभरेक वर्षांनी व्हॅरो नावाच्या लेखकाने अमुर्काची दुसरी बाजू लिहिली. घाण्यातून हे पाणी शेतात वाहत गेलं की माती काळी पडते आणि फार झालं की जमीन नापीक होते, असं तो सांगतो. म्हणजे थोडं असलं तर औषध, फार झालं तर विष. ही गोष्ट दोन हजार वर्षांपूर्वी लोकांना ठाऊक होती. तरी पुढे काय झालं ते ऐका.

चूल, साबण आणि सरवा

मधली कित्येक शतकं हा चोथा मुख्यतः बायकांच्या हातात होता. पॅलेस्टाईन आणि जॉर्डनमध्ये वाळवलेल्या चोथ्याला ‘जिफ्त’ म्हणतात. तिथल्या खेड्यांत ताबून नावाची मातीची भट्टी असते. तिला जिफ्तची आणि शेणाची आच देऊन बायका रोट्या भाजत. जिफ्त भडकत नाही, धुमसत राहतो, त्यामुळे भट्टी रात्रभर गरम राहते. आपली गोवरी तरी काय वेगळं करते? नाब्लुस शहर ऑलिव्ह तेलाच्या साबणासाठी पिढ्यान्‌पिढ्या प्रसिद्ध आहे. तिथल्या साबणाच्या कढईखालीसुद्धा जिफ्त जळायचा.

ग्रीसमध्ये तेलाच्या भांड्यात तळाला बसलेल्या गाळाला ‘मुर्गा’ म्हणतात. हा शब्द त्या जुन्या अमुर्काच्याच घराण्यातला. घरोघरच्या बायका या गाळाचा आणि जुन्या तेलाचा साबण करत. तेलाचा थेंबसुद्धा वाया घालवायचा नाही, ही शिस्त तिथल्या घरातल्या बाईनेच सांभाळली.

स्पेनच्या दक्षिणेला आंदालुसिया प्रांत आहे. त्यातला हाएन जिल्हा म्हणजे नजर पोचेल तिथवर ऑलिव्हची झाडं. तिथे तोडणीच्या हंगामात पुरुष लांब काठ्यांनी फांद्या झोडपायचे आणि जमिनीवर पडलेली फळं बायका गुडघ्यांवर बसून वेचायच्या, ऐन थंडीत. मजुरी मात्र बायकांना पुरुषांपेक्षा कमी. हे वेगळं सांगायला हवं का?

मालकाची तोडणी संपली की झाडाखाली राहिलेली फळं वेचायला गोरगरीब जात. याला ते ‘रेबुस्का’ म्हणतात. आपल्याकडे याला शब्द आहे ‘सरवा’. भुईमुगाचा सरवा, ज्वारीचा सरवा, कापसाचा सरवा. आपल्यातल्या कितीतरी जणींनी लहानपणी सरवा वेचलाय. स्पेनमध्ये यादवी युद्ध १९३९ साली संपलं आणि त्यानंतर १९५२ पर्यंत अन्नधान्याचं रेशनिंग होतं. त्या काळाला तिथले लोक उपासमारीची वर्षं म्हणतात. देशात तेलाची झाडं अफाट, पण गरिबाच्या घरी तेल नाही. अशा दिवसांत बायका झाडाखालचे दाणे वेचून आणत, आणि पकडल्या गेल्या तर चोरीचा गुन्हा लागे. जे मालकाच्या हिशेबी टाकाऊ होतं, तेच त्यांच्या घरात रात्रीचं जेवण होतं.

चोथ्यातून तेल

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या चोथ्यावर कारखानदारांची नजर गेली. कितीही दाबलं तरी चोथ्यात थोडं तेल राहतंच. ते रसायनाने धुऊन काढायची युक्ती सापडली. आधी त्यासाठी गंधकाचं एक रसायन वापरत. त्यातून निघणारं हिरवट तेल खायचं नव्हतं, साबणाचं होतं. पुढे विसाव्या शतकात पेट्रोलियमपासून मिळणारं हेक्सेन आलं. वाळवलेल्या चोथ्यावर हेक्सेन सोडायचं, ते तेल विरघळवून घेतं, मग तापवून हेक्सेन उडवून द्यायचं आणि मागे राहिलेलं तेल शुद्ध करायचं. ते गंधहीन आणि चवहीन होतं. मग चवीसाठी त्यात थोडं घाण्याचं अस्सल तेल मिसळायचं. आमच्या ताईंच्या डब्यातलं पोमेस तेल हेच.

ही रीत आपल्याला परकी नाही. लातूर-अकोल्याकडे सोयाबीनचे जे सॉल्व्हंट प्लांट आहेत, तिथेही तेल असंच निघतं. आणि तेल काढलेल्या सोयाबीनच्या पिठापासून सोयावडी बनते, जी आपण भाजीत घालतो. म्हणजे तेल काढून उरलेल्याचं अन्न आपण कधीचंच खातोय, फक्त डब्यावर तसं लिहिलेलं नसतं.

ऑलिव्हच्या व्यापारासाठी १९५९ साली एक आंतरराष्ट्रीय परिषद स्थापन झाली. तिचं कार्यालय स्पेनच्या माद्रिद शहरात आहे. तिने नावांचे नियम घालून दिले. फळातून फक्त दाबून काढलेलं चांगलं तेल ‘व्हर्जिन’, त्यातलं उत्तम ते ‘एक्स्ट्रा व्हर्जिन’. चोथ्यातून काढलेल्याला नुसतं ‘ऑलिव्ह तेल’ म्हणायला बंदी. त्याला ‘ऑलिव्ह पोमेस तेल’ असंच म्हणावं लागतं. म्हणून तो बारीक अक्षरातला शब्द त्या डब्यावर होता. नियमाने तो शब्द तिथे आणला, आणि दुकानदारीने तो बारीक केला.

पोमेस तेल वाईट नाही. तळणाला चालतं, स्वस्त असतं. पण एक्स्ट्रा व्हर्जिनचे म्हणून जे गुण सांगतात, ते त्यात फारसे राहिलेले नसतात, कारण शुद्ध करताना ते निघून जातात. तेव्हा पोमेसचे पैसे देऊन एक्स्ट्रा व्हर्जिनची अपेक्षा ठेवू नये, आणि एक्स्ट्रा व्हर्जिनचे पैसे देऊन पोमेस घरी आणू नये.

नदी काळी झाली

१९६०-७० नंतर दगडी घाणे आणि दाबयंत्रं मागे पडली आणि गरगर फिरवून तेल वेगळं करणारी यंत्रं आली. काम झपाट्याने होऊ लागलं. पण या यंत्रांत लगद्यावर वरून पाणी सोडावं लागे. १०० किलो फळांमागे जवळजवळ १०० लिटर काळं पाणी बाहेर पडू लागलं. ते ओढ्यानाल्यांत आणि नद्यांत गेलं. शहराच्या सांडपाण्याच्या तुलनेत हे पाणी शंभरपटीहून जास्त प्राणवायू ओढून घेतं. मग मासे कसे जगतील? साखर कारखान्याची मळी ओढ्यात सोडली की काय होतं, ते आपल्याकडच्या नदीकाठच्या बायकांना सांगायला नको. आंदालुसियात ग्वादलकिव्हिर नदीच्या खोऱ्यात तेच झालं. व्हॅरोने दोन हजार वर्षांपूर्वी लिहून ठेवलेलं यंत्रयुगाला शिकायला नदी काळी व्हावी लागली.

१९८० च्या दशकात स्पेनने हे पाणी नदीत सोडायला बंदी केली. मग ते मोठमोठ्या तळ्यांत साठवून उन्हाने आटवायला लागले. दुर्गंधीने गावं हैराण झाली. १९९१-९२ च्या सुमारास नवं यंत्र आलं, ज्यात वरून पाणी घालावं लागत नाही. दहा वर्षांच्या आत स्पेनमधले बहुतेक घाणे त्यावर गेले. काळं पाणी जवळपास थांबलं, पण त्याचा सगळा ओलावा चोथ्यात आला. आता १०० किलो फळांमागे ८० किलो चिखलासारखा चोथा, त्यात निम्म्याहून जास्त पाणी. इटलीने दुसरा मार्ग धरला. १९९६ च्या कायद्याने हे पाणी शेतात पसरायला परवानगी दिली, पण माप ठरवून: जुन्या पद्धतीच्या घाण्याचं असेल तर हेक्टरी वर्षाला ५० घनमीटर, नव्या यंत्राचं असेल तर ८०. त्याहून जास्त नाही.

आता या चिखलासारख्या चोथ्यातून तेल काढायचं तर आधी तो वाळवायला हवा. उन्हात वाळणं शक्य नाही, म्हणून मोठ्या फिरत्या भट्ट्यांत गरम धुराच्या झोताने वाळवू लागले. इथे घोटाळा झाला. धुरातून आणि जास्त तापल्यामुळे काही घातक पदार्थ चोथ्यात आले आणि तिथून तेलात उतरले. त्यातला एक बेन्झोपायरीन. त्याने कर्करोगाचा धोका वाढतो. २००१ च्या जुलै महिन्यात स्पेन सरकारने पोमेस तेलाची विक्री तडकाफडकी थांबवली. देशभर गोंधळ उडाला. नंतर मर्यादा ठरली: एक किलो तेलात बेन्झोपायरीन २ मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त नको. मायक्रोग्रॅम म्हणजे एका ग्रॅमचा दहा लाखावा भाग. तेल शुद्ध करताना ते काढून टाकायची व्यवस्था झाली आणि विक्री पुन्हा सुरू झाली.

टाकाऊचं अन्न करताना वस्तू मुळात चांगली असली तरी ती साठवताना, वाळवताना, तापवताना बिघडू शकते. नुसतं “नैसर्गिक आहे” म्हटल्याने ती सुरक्षित होत नाही. हे आपण पुढे आपल्या पेंडीबद्दलही बघू.

कडूपणाला भाव आला

आता तो सुरुवातीचा कडूपणा. फळ कडू असतं ते त्यातल्या पॉलिफेनॉल नावाच्या द्रव्यांमुळे. झाड ती स्वतःच्या रक्षणासाठी बनवतं. केटोच्या कोठीत कीड लागत नव्हती आणि नदीत मासे मरत होते, त्या दोन्हींत याच द्रव्यांचा हात. शास्त्रज्ञांनी मोजलं तेव्हा दिसलं की फळातल्या या द्रव्यांपैकी तेलात जातात ती जेमतेम १०० त १ ते २ भाग. बाकी सगळी काळ्या पाण्यात आणि चोथ्यात जातात. म्हणजे ज्याच्यासाठी लोक महागडी बाटली घेतात, त्याचा मोठा हिस्सा घाण्यामागच्या खड्ड्यात पडत होता.

यातल्या एका द्रव्याचं नाव हायड्रॉक्सीटायरोसॉल. नाव अवघड आहे, पण पुढे-मागे जाहिरातीत ऐकाल, म्हणून सांगितलं. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०११ मध्ये अभ्यास तपासून मत दिलं की हे आणि त्याच्या जातीची द्रव्यं रोज ५ मिलिग्रॅम पोटात गेली, तर रक्तातल्या चरबीच्या कणांना ऑक्सिडेशनमुळे होणाऱ्या नुकसानीपासून संरक्षण मिळतं. २०१२ च्या नियमाने हे वाक्य लेबलवर छापायला परवानगी मिळाली, पण फक्त ऑलिव्ह तेलावर, आणि तेही २० ग्रॅम तेलात ती ५ मिलिग्रॅम असतील तरच. चोथ्याच्या पिठावर, बिस्किटावर किंवा गोळीवर ते वाक्य छापता येत नाही. हृदयरोग बरा होतो, असं तर त्या वाक्यात मुळीच नाही.

मग लोक कामाला लागले. नव्या यंत्रांत आठळी आधीच वेगळी काढतात आणि मऊ गर मिळतो. आठळ्या बंबात आणि भट्टीत सरपण म्हणून विकल्या जातात. गर लगेच वाळवून त्याचं पीठ करतात. इटलीच्या दक्षिणेकडे हे पीठ पावात आणि शेवयांसारख्या पास्त्यात मिसळून पाहिलं. तंतू वाढले, पॉलिफेनॉल वाढली, पण चव कडसर झाली आणि पाव घट्ट झाला. म्हणून शंभर भागांत दहा-पंधरा भागांच्या पुढे जाता येत नाही. ज्वारीच्या पिठात मेथीचं पीठ आपण बेतानेच घालतो, तसंच हे. काळ्या पाण्यातून ही द्रव्यं गाळून त्यांची भुकटीही करतात. ती पेयांत आणि गोळ्यांत जाते.

जपानमध्ये शोदोशिमा नावाचं एक बेट आहे. १९०८ पासून तिथे ऑलिव्ह लावतात. तिथल्या एका पशुपालकाने हा चोथा गुरांना घालून पाहिला. गुरांनी तोंड फिरवलं, कारण कडू. मग त्याने तो चांगला वाळवून, भाजून पाहिला. कडूपणा गेला, गोडसर वास आला, आणि गुरं खाऊ लागली. आज तो त्या बेटाचा नावाजलेला पशुआहार आहे. प्रयोगशाळा नव्हती, होती ती गुरांची माहिती आणि चिकाटी.

एक सावधगिरी मात्र ऐका. कारखान्यात तयार केलेलं शुद्ध हायड्रॉक्सीटायरोसॉल अन्नात घालायला युरोपने परवानगी दिली, तेव्हा लेबलवर लिहायला लावलं: तीन वर्षांखालच्या मुलांनी, गरोदर बायकांनी आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांनी हे खाऊ नये. फळ खाणं वेगळं आणि फळातलं एक द्रव्य वेगळं काढून गोळीभर घेणं वेगळं. कुणी दारात येऊन “ऑलिव्हची शक्तीची गोळी” विकू लागलं, तर हे आठवा.

आणि आपली पेंड?

आता काकूंच्या प्रश्नाकडे येऊ. चोथा म्हणजे वाईटच का? नाही. पण सगळ्या पेंडी सारख्या नसतात. एरंडाच्या पेंडीत विष असतं, ती फक्त खताला. सरकीची पेंड गाईम्हशींना चालते, माणसाला नाही. शेंगदाण्याच्या पेंडीत मात्र प्रथिनं भरपूर. १९५० मध्ये म्हैसूरला केंद्रीय अन्न संशोधन संस्था सुरू झाली. तिथल्या शास्त्रज्ञांनी तेल काढलेल्या शेंगदाण्याचं पीठ ७५ भाग आणि हरभऱ्याचं पीठ २५ भाग घेऊन, त्यात जीवनसत्त्वं आणि कॅल्शियम मिसळून कुपोषित मुलांसाठी स्वस्त पूरक आहार तयार केला. नाव होतं इंडियन मल्टिपर्पज फूड. मोठी चांगली कल्पना.

पण १९६० मध्ये इंग्लंडमध्ये एक लाखाहून जास्त टर्की कोंबड्या पटापट मेल्या. त्यांच्या खाद्यात ब्राझीलची शेंगदाणा पेंड होती आणि पेंडीला बुरशी लागली होती. त्या बुरशीच्या विषाचं नाव पुढे अफ्लाटॉक्सिन ठेवलं. ते उकळून किंवा भाजून पुरतं जात नाही. १९७४ मध्ये गुजरात-राजस्थानच्या सीमेवरच्या आदिवासी भागात पावसात भिजलेला बुरशीचा मका खाऊन शंभराहून जास्त माणसं दगावली, तेही याच विषाने. ऑलिव्हच्या चोथ्याचा शत्रू धूर निघाला, आपल्या पेंडीचा शत्रू ओल. म्हणून गटाने शेंगदाणा पेंडीचे लाडू किंवा चिक्की करायची ठरवली, तर दाणे निवडलेले हवेत, घाणा खायच्या तेलाचा आणि स्वच्छ हवा, पेंड ताजी आणि कोरडी हवी, आणि माल विकण्याआधी प्रयोगशाळेत अफ्लाटॉक्सिनची तपासणी हवी. तपासणीचा खर्च जास्त वाटला तरी तो टाळायचा नाही. आपल्या लाडवावर आपल्या गटाचं नाव असतं आणि तो कुणाच्या तरी लेकराच्या तोंडात जाणार असतो.

शेवटी पैशाचं बोलू. स्पेनमध्ये घाणे बरेचदा शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थांचे असतात, पण चोथा वाळवून तेल काढणारे कारखाने वेगळे. घाण्याला चोथ्याचे फार थोडे पैसे मिळतात. फायदा होतो तो चोथ्यावर पुढची प्रक्रिया करणाऱ्याला. गुलामाच्या ताटापासून बाटलीतल्या भुकटीपर्यंतचा सगळा इतिहास पाहिला तर एकच दिसतं: उरलेल्या वस्तूची किंमत वाढते ती वाळवणारा, निवडणारा, तपासणारा आणि नाव लावणारा जो असेल त्याच्या हातात. वेचणारीच्या हातात ती क्वचितच वाढली आहे. आपल्या गावात तेल घाणा असेल, तर पेंड कुठे जाते, कोण नेतं आणि काय भावाने नेतं, हे एकदा गटाने विचारून पाहावं.

आमच्या ताईंनी तो डबा परत पाठवला नाही. त्या म्हणाल्या, “भजी तळीन, चांगली होतील. पण पुढच्या वेळी पोराला सांगीन, बारीक अक्षरं वाच म्हणून.” आम्हीही ठरवलंय, पुढच्या बैठकीला प्रत्येकीने घरातला एकेक तेलाचा डबा नाहीतर पिशवी आणायची आणि मागची बाजू मोठ्याने वाचायची. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी शेजारणीने वाचायची. तुमच्या गटातही करून पाहा, आणि काय सापडलं ते आम्हाला कळवा.